पीचची कोय आणि हिवाळा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कोयीपासून वाढलेल्या झाडाला मान नाही. माझे वडील लांजा तालुक्यातील एका रोपवाटिकेत गेली बावीस वर्षे आंब्याची कलमे बांधतात. मृग लागला की वाफ्यात कोयी पसरायच्या, दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर आले की त्यावर हापूसची काडी बांधायची, हे काम मी लहानपणापासून पाहत आले आहे. "कोयीतून येतो तो रायवळ. गोड निघाला तर नशीब, आंबट निघाला तर लोणचे," असे ते म्हणतात. त्यांच्या मते कोयीचे काम खुंट पुरविण्याचे. झाडाचे नाव काडीवरून ठरते.

मी बारावीत असताना गणपतीच्या दिवसांत माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, रजेवर येणाऱ्या एका सोबत्याबरोबर वीस कोयी पाठविल्या. दादा लष्करात आहे. तेव्हा त्याची नेमणूक हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात, सतलज नदीच्या खोऱ्यात होती. छावणीच्या वाटेवर एका म्हातारीच्या अंगणात पीचचे एक जुने झाड होते. ते कोणी कलम करून लावलेले नव्हते. तिच्या सासऱ्याने टाकलेल्या कोयीतून उगवले होते. फळ लहान, पण वासाने अंगण भरून जाई, असे दादाने सांगितले. झाड आता थकले होते. "तुमच्या मुलखात लावून पाहा, इथे माझ्यामागे कोणी लावणार नाही," असे म्हणून तिने कोयी दिल्या. त्या वीस कोयींनी मला जे शिकविले ते मी आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही. परंतु भूगोलाच्या तासाला हवामान आणि वनस्पती यांचा संबंध आम्ही शिकतो, आणि हा विषय त्या संबंधाचाच एक धडा आहे.

पीच कोठले?

पीचला हिंदीत आडू म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव 'प्रूनस पर्सिका', म्हणजे इराणचे फळ, असे आहे. युरोपात हे फळ इराणकडून गेले म्हणून हे नाव पडले. पण ते नाव फसवे आहे. पीच मूळचे चीनचे. यांगत्झे नदीच्या खालच्या खोऱ्यात उत्खननात मिळालेल्या कोयींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीपासून तेथील माणूस मोठ्या कोयीची, चांगल्या फळाची झाडे निवडून वाढवीत होता. तेव्हा कलम बांधण्याची कला होती की नाही हे निश्चित सांगता येत नाही. 

भारतात हे फळ कसे आले याविषयी सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्यूएनत्संग याने एक हकिकत नोंदविली आहे. कनिष्काच्या काळी पंजाबात ठेवलेल्या चिनी ओलिसांनी पीच आणि नासपती ही फळे येथे आणली, आणि म्हणून येथील लोक पीचला 'चीनानी' म्हणत, असे तो सांगतो. हकिकत अक्षरशः खरी असो वा नसो, फळ उत्तरेकडून आपल्याकडे आले एवढे त्यातून कळते. आज ते हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर या डोंगरी भागांत पिकते, आणि कमी थंडी लागणाऱ्या जाती पंजाबच्या मैदानातही पिकतात. किन्नौरमध्ये तर पीचचे एक जंगली भावंडही आहे. त्याला तेथे 'बेहमी' म्हणतात आणि त्याच्या बियांचे तेल काढतात.

कोय उगवेना

कोयी हाती आल्या त्या दिवशी वडील म्हणाले, "कोय ताजी असते तोवरच लावायची. वाळली की मेली." आंब्याच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. आंब्याचे बी ओल सोडून राहू शकत नाही; काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती जाते. तेव्हा आम्ही सहा कोयी लगेच पिशव्यांत लावल्या आणि रोज पाणी घातले. दसरा गेला, दिवाळी गेली, काही उगवले नाही. उकरून पाहिले तर कोयी जशाच्या तशा होत्या. दोन कुजल्या होत्या.

मग मला वाटले, कवच फार कठीण आहे, कोंबाला फुटता येत नसेल. म्हणून मी चार कोयी अडकित्त्याने जपून फोडल्या. आत बदामासारखे बी निघाले. त्यावरील तपकिरी साल भिजवून काढली आणि ती बियाणी ओल्या फडक्यात ठेवली. काही दिवसांनी तीन उगवली! मला मोठा आनंद झाला. पण तो टिकला नाही. रोपे दोन-तीन बोटांच्या वर वाढेनात. पाने एकमेकांना चिकटल्यासारखी जवळजवळ, वाकडी आणि आखडलेली. जणू कोबीचा लहानसा गड्डा. मी पाणी कमी केले, जास्त केले, शेणखत घातले. उपयोग झाला नाही. वडील काही बोलले नाहीत, पण 'सांगितले होते' हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

याचे कारण मला पुढे भूगोलाच्या सरांनी दिलेल्या पुस्तकांतून कळले, आणि ते इतके सरळ आहे की ते आधी कसे सुचले नाही याचे नवल वाटते. किन्नौरमध्ये फळ पिकते उन्हाळ्याच्या अखेरीस. तेथे कोय पडते आणि दोन-तीन महिन्यांत बर्फ सुरू होतो. कोय पडल्याबरोबर उगवली तर कोवळे रोप पहिल्याच बर्फात मरेल. ज्या झाडांची बियाणी अशी उतावळी होती त्यांचा वंश टिकला नाही. ज्यांची बियाणी हिवाळा सरेपर्यंत झोपून राहिली त्यांचा टिकला. म्हणून पीचच्या बियाला एक कुलूप असते, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे थंडी. बियात आणि त्याच्या सालीत अॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य असते. ते उगवण रोखून धरते. ओलावा असताना दोन ते सात अंश सेल्सिअसच्या थंडीत आठ ते चौदा आठवडे गेले की त्याचा जोर ओसरतो आणि वाढीस चालना देणारी द्रव्ये वर येतात. बी कोरडे असेल तर कितीही थंडीत ठेवा, किल्ली फिरत नाही. थंडी आणि ओल दोन्ही एकत्र पाहिजेत.

साल काढली तर बी थंडीवाचूनही उगवते, पण वाढीवरचा लगाम कायम राहतो. त्यामुळे रोप खुरटे, आखूड पेरांचे होते. पीचच्या बाबतीत हे शास्त्रज्ञांना चांगले परिचित आहे. म्हणजे माझी तीन रोपे आजारी नव्हती, की माझ्या पाण्यात चूक नव्हती. त्यांना हिवाळा मिळाला नव्हता, एवढेच. वडिलांचा नियमही चुकीचा नव्हता. तो आंब्याचा नियम होता. आंबा पावसाच्या मुलखातला. त्याची कोय पावसाच्या तोंडाशी पडते, तिने थांबायचे कशासाठी? प्रत्येक कोय आपल्या मुलखाचे पंचांग बरोबर घेऊन येते.

रेतीची पिशवी

राहिल्या दहा कोयी. कोकणात हिवाळा कोठून आणायचा? आमच्या घरी फ्रिज नाही. तो गावात किराणा दुकानदाराकडे होता, थंड पेयांच्या बाटल्यांचा. दुकानदारकाका प्रथम हसले. "सोड्याच्या बाटल्यांत रेती ठेवू?" म्हणाले. पण दादाचे नाव काढल्यावर त्यांनी खालचा एक कोपरा दिला. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला तापमापक आत ठेवून पाहिला. पारा चार ते सहा अंशांच्या मध्ये राही. याहून चांगले काय हवे होते?

ज्यांना कधी हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी रीत क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट कोयीच्या निवडीची. ज्या झाडाने त्या मुलखातील कडक हिवाळे सोसून फळ दिले आहे त्याच झाडाची कोय घ्यावी. हंगामात फार लवकर पिकणाऱ्या जातींची कोय टाळावी, कारण त्यांचे फळ आतील बी पुरते तयार होण्याआधीच पिकते आणि असे बी सहसा उगवत नाही. फळ झाडावर पूर्ण पिकलेले असावे. गर काढून कोय स्वच्छ धुवावी, नाहीतर बुरशी येते. मग सावलीत काही दिवस वाळवावी.

दुसरी गोष्ट भिजविण्याची. कोय एक-दोन दिवस पाण्यात ठेवावी. मग धुतलेली रेती ओली करावी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल असावी. रेती आणि कोयी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवेसाठी चार बारीक भोके पाडून, पिशवी थंडीत ठेवावी. पूर्वी लोक लाकडी पेटीत रेतीचा थर, त्यावर बियांचा थर, पुन्हा रेती असे रचून पेटी थंड जागी ठेवीत. त्या थरांवरूनच या पद्धतीला 'स्ट्रॅटिफिकेशन' हे नाव मिळाले.

तिसरी गोष्ट धीराची. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून ओल पाहावी, बुरशी आलेली कोय काढून टाकावी. कोय बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठवून काही साधत नाही. शून्याच्या थोडे वरचे तापमानच काम करते. कोयीचे कवच शिवणीवर उलते आणि पांढरे मूळ बाहेर येते तेव्हा ती कुंडीत लावावी, मूळ खाली करून, एक-दोन इंच खोल.

थंड मुलखात एवढा खटाटोप लागत नाही. तेथे शरद ऋतूतच कोय दोन-तीन इंच खोल जमिनीत लावतात आणि वर लोखंडी जाळी पसरतात, कारण उंदीर आणि खारी कोयी शोधून काढतात. बाकी काम हिवाळाच करतो. येथे एक सावधगिरीची सूचनाही केली पाहिजे. पीचचे आतील बी बदामासारखे दिसले तरी ते कडू असते आणि चावले असता त्यातून सायनाइडचे विष सुटते. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये.

कार्तिकात ठेवलेल्या माझ्या कोयी बाराव्या आठवड्यात उलू लागल्या. बारावीची परीक्षा तोंडावर होती. दहापैकी सात उगवल्या. त्यांची पाने लांब, टोकदार, आंब्याच्या कोवळ्या पानासारखी पण अरुंद होती, आणि रोपे सरळ वर चालली होती. त्याच सुमारास दादाचा फोन आला. जानेवारीच्या बर्फवृष्टीत म्हातारीचे झाड मधोमध उभे चिरले होते. अर्धे पडले, अर्धे राहिले तेही जगेलसे दिसत नव्हते. म्हणजे तो सुगंध आता जर कोठे असेल तर आमच्या पडवीतल्या सात प्यालांत होता.

थंडी सोसणे म्हणजे काय?

येथे एका गैरसमजाचा उलगडा करणे भाग आहे. तो माझाही होता. मला वाटले होते की कोयीला फ्रिजमध्ये थंडी सोसायला लावली म्हणजे रोप थंडीत काटक होते. तसे मुळीच नाही. फ्रिजमधली थंडी बियाला फक्त जागे करते. झाड कडक हिवाळ्यात टिकेल की नाही हे त्याच्या रक्तात, म्हणजे वंशात असते. ते शिकवून येत नाही.

झाडाला थंडी दोन प्रकारे भेटते. एक, हवीहवीशी थंडी. पीचचे झाड पाने गाळून झोपी जाते. शून्य ते सात अंशांच्या दरम्यान ठरावीक तास काढल्यावाचून त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. जातीप्रमाणे हे तास दोनशेपासून हजारापर्यंत असतात. झाड हे तास जणू मोजते. मेक्सिकोत पीचचे असे एक झाड सापडले की जे कधी झोपतच नाही. थंडीत त्याचे शेंडे वाढतच राहतात. त्याच्या वंशसूत्रांत झोपेशी संबंधित अशा सहा जनुकांच्या जागी बिघाड आहे, असे शास्त्रज्ञांना २००८ च्या सुमारास आढळले. मोजणारा गेला, तेव्हा झोपही गेली.

दुसरी, मारणारी थंडी. भर हिवाळ्यात पीचच्या फुलकळीत पाणी शून्याच्या पुष्कळ खालीही न गोठता द्रवरूप राहते. ही निसर्गाची मोठी करामत आहे. पण तिला मर्यादा आहे. साधारणतः उणे तेवीस ते उणे सव्वीस अंशांच्या सुमारास बहुतेक जातींच्या फुलकळ्या मरतात. लाकूड त्याहून थोडे अधिक सोसते. याच्या उलट वसंतात फूल पूर्ण उमललेले असताना उणे तीन अंशांनीही नुकसान सुरू होते, आणि उणे साडेचार अंशांपर्यंत पारा उतरला तर दहांतली नऊ फुले जातात. म्हणजे जे झाड जानेवारीत उणे वीस सोसते तेच एप्रिलमध्ये साध्या हिवाने फसते.

यावरून काटक झाडाची लक्षणे तीन ठरतात. पाने गळण्यापूर्वी त्याचे लाकूड वेळेवर पक्के झाले पाहिजे. भर हिवाळ्यात त्याच्या कळ्या खोल थंडीत तगल्या पाहिजेत. आणि मध्येच चार उबदार दिवस आले म्हणून ते फसून लवकर जागे होता कामा नये. तिसरे लक्षण सर्वांत अवघड. ज्या झाडाची तासांची मोजणी थोडक्यात संपते ते जानेवारीच्या उन्हालाच वसंत समजते आणि मग हिमात सापडते.

परीक्षा घेण्याची रीतही सोपी आहे. कडाक्याची थंडी पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी काही कळ्या पात्याने आडव्या कापून पाहाव्यात. मध्य हिरवा असेल तर कळी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. पीचला गरजेपेक्षा कितीतरी जास्त कळ्या येतात. दहांतली एक जगली तरी बहुधा पुरेसे पीक येते. ज्या रोपाच्या कळ्या दोन-तीन कडक हिवाळ्यांनंतरही हिरव्या निघतात, ते ठेवावे. बाकीच्यांचा मोह सोडावा. माणसाने जागेची मदतही करावी. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगटात साचते, म्हणून झाड खोलगटात लावू नये. उन्हाळा सरता सरता खत घालू नये, नाहीतर लाकूड कोवळे राहते. बुंध्याला पांढरा रंग द्यावा, म्हणजे हिवाळी उन्हाने साल तडकत नाही.

कोय की कलम?

वडिलांचा मूळ आक्षेप अजून शिल्लकच होता. हे सगळे करून कोयीतून निघणार काय? आईसारखेच फळ कशावरून?

याचे उत्तर असे की पीच हे बहुधा आपल्याच परागाने फळ धरते. त्यामुळे त्याची संतती सफरचंदापेक्षा किंवा आंब्यापेक्षा आईच्या बरीच जवळ जाते. अगदी तंतोतंत मात्र नव्हे. शिवाय पीचला तीन-चार वर्षांत फळ येते, म्हणून चांगले-वाईट लवकर कळते. या दोन गुणांमुळे ज्या देशांत पीच गेले तेथे ते कोयीवरच पसरले.

अमेरिकेचा इतिहास याची चांगली साक्ष देतो. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पीच तिकडे नेले. तेथील मूळच्या लोकांनी ते आपलेसे केले. अॅरिझोनातील कॅन्यन द शे या खोल दरीत, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि पाऊस बेताचा असतो, तेथे नव्हाहो लोकांनी कोयींपासून हजारो झाडांच्या बागा उभ्या केल्या. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्या लोकांना आपल्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल पायी नेले, आणि मागे राहिलेली त्यांची पीचची झाडे हजारोंनी तोडून टाकली. १८६८ मध्ये तह होऊन ते परत आले. पुन्हा झाडे लावली आणि दरीत पुन्हा पीच पिकले. ज्यांच्यापाशी कोय आहे त्यांची बाग कुऱ्हाडीने संपत नाही. त्या वाणाचा अभ्यास आता तेथील विद्यापीठात होत आहे, कारण कमी पाण्यात आणि थंडीत टिकण्याचा त्याचा गुण आजच्या बागायतदारांनाही हवा आहे.

व्यापारी जातींचीही कथा वेगळी नाही. जॉर्जिया राज्यातील सॅम्युअल रम्फ यांनी १८७० च्या सुमारास 'चायनीज क्लिंग' या जातीची कोय लावली. तिच्यातून निघालेल्या झाडाला त्यांनी पत्नीच्या नावावरून 'एल्बर्टा' म्हटले. पुढे अनेक वर्षे अमेरिकेच्या बाजारावर त्या जातीचे राज्य होते, आणि आपल्या हिमाचलात लावली जाणारी 'जुलै एल्बर्टा' हीही त्याच नावाच्या परंपरेतली. उत्तरेकडील न्यू हॅम्पशायर राज्यात थंडी इतकी की पीच पिकविणे तेथे वेडेपणा समजत. तेथील विद्यापीठातील एल्विन मीडर यांनी काटक झाडांचा संकर करून, त्याची रोपे तेथील हिवाळ्यात पारखून, १९६४ साली 'रिलायन्स' ही जात दिली. उणे तीस अंशांच्या आसपासची थंडी सोसूनही ती फळ धरते असा तिचा लौकिक आहे. कॅनडातील हॅरो येथील संशोधन केंद्राने 'सैबेरियन सी' हा काटक खुंट दिला. तो तर कोयीपासूनच वाढवितात.

हे सर्व मी एका रात्री वडिलांना वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एल्बर्टाचे पहिले झाड कोयीचे. मग पुढची?" मी सांगितले, पुढची सारी कलमे. "मग ठीक आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "आपला रत्नासुद्धा नीलम आणि हापूसच्या संकरातला. त्याचीही पहिली कोय कोणीतरी लावली असेलच." वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात तयार झालेला 'रत्ना' आंबा त्यांनी आजवर हजारो खुंटांवर बांधला आहे, पण त्याच्या पहिल्या कोयीचा विचार त्या रात्रीपर्यंत त्यांनी केला नव्हता. मीही केला नव्हता.

माझ्या अभ्यासातून मला जे समजले ते एवढेच. कलम सापडलेले राखते. कोय नवे शोधते. ज्या मुलखाला साजेल असे झाड अजून कोणी घडविलेलेच नाही, तेथे कोयीवाचून गत्यंतर नाही. शंभर रोपांतील नव्वद वाया जातील हे धरूनच तेथे चालावे लागते. आणि एकदा ते झाड सापडले की कलम बांधणाऱ्या हातावाचून ते दुसऱ्या अंगणात जसेच्या तसे पोहोचत नाही.

सात रोपांचे काय झाले?

त्या वर्षी शिमग्याला दादा घरी आला. जाताना त्याने सातपैकी पाच रोपे खोक्यात घालून नेली. आगगाडी, मग मोटार, असा तीन दिवसांचा प्रवास. किन्नौरमध्ये तेव्हा बर्फ वितळून वसंत सुरू होत होता. म्हातारीने ती आपल्या अंगणात, जुन्या बुंध्यापासून दूर, उताराच्या कडेला लावली. त्याच जागी लावायची नाहीत असे वडिलांनी फोनवरून बजावले होते. जुन्या मुळांच्या जागी त्याच जातीचे झाड धरत नाही हा त्यांचा अनुभव पीचलाही लागू पडतो. एक रोप शेळीने खाल्ले. एक पहिल्या हिवाळ्यात बुडापासून वाळले. तीन जगली. त्यांपैकी एकाचा शेंडा गेला, पण खालून फुटला.

दोन रोपे मी आमच्या परसात ठेवली होती. मला ठाऊक होते की त्यांना येथे त्रास होईल, तरी ठेवली. पहिल्या वर्षी ती माझ्या खांद्याला आली. मग थंडीच्या दिवसांत त्यांनी पाने टाकली आणि झोपी गेली. पण आमच्याकडे पारा सात अंशांखाली उतरतोच कोठे? मोजणी पुरी होईना. फाल्गुन गेला, चैत्र गेला, तरी डोळे फुटेनात. अखेर ज्येष्ठात एकाच्या शेंड्यावर पानांचा एक झुबका आला आणि खालची सारी फांदी उघडीच राहिली. दुसरे रोप पावसात गेले. राहिलेले अजून तसेच आहे. त्याला मरण नाही आणि नीट जाग नाही. आता ते पाहताना मला वाईट वाटते. ती दोन्ही मी दादाबरोबर पाठवायला हवी होती.

किन्नौरच्या तीन रोपांना अद्याप फूल आलेले नाही. येत्या एक-दोन वर्षांत येईल. फळ म्हातारीच्या झाडासारखे निघेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. दादाची बदली झाली आहे, पण त्याच्या जागी गेलेला सोबती चौकशी करतो. आणि परवा वडिलांनी मला एक प्रश्न विचारला. त्या गावात डोळा भरता येणारा कोणी माणूस आहे का? नसेल तर तिघांतले चांगले फळ कोणते ते कळल्यावर एकदा आपणच जाऊन यावे, असे त्यांना वाटते. त्यांनी अजून कोल्हापूरच्या पलीकडचा मुलूख पाहिलेला नाही.